वरून पाठ असलेले नाशिक

नाशिकच्या पश्चिमेचा डोंगराळ मुलूख एके काळी मला तोंडपाठ होता, पण तो फक्त वरून. दुपार टळल्यावर कोणत्या खिंडीत वारा खाली दाबतो, कोणत्या पठारावर गवताखाली खडक आहे आणि विजेची मोठी लाइन दरी कुठे ओलांडते, हे मी झोपेतही सांगितले असते. त्र्यंबक रस्त्यावर चहा कुठे बरा मिळतो हे मात्र मला ठाऊक नव्हते. सैन्यातल्या हेलिकॉप्टर वैमानिकाच्या नोकरीतून निवृत्त होऊन काही वर्षे लोटल्यावर, गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, हा प्रदेश एकदा रस्त्याने पाहावा असे ठरवून मी भाच्याच्या गाडीतून निघालो. भाचा नाशिकचाच, व्यवसायाने इलेक्ट्रिकल कंत्राटदार, त्यामुळे तारा आणि खांब हा विषय आम्हा दोघांच्याही जिव्हाळ्याचा.

नाशिक रोडहून पुणे रस्त्याने शहरातल्या द्वारका चौकाकडे येताना गांधीनगर लागते. तेथल्या विमानतळावर सैन्याच्या हवाई शाखेची, म्हणजे आर्मी एव्हिएशन कोअरची, प्रशिक्षण शाळा २००३ पासून आहे. ही शाखा १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वतंत्र झाली. भारतीय हवाई दल वेगळे आणि आम्ही वेगळे, आमचा गणवेश हिरवा, हे नातेवाइकांना समजावून सांगण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आणि अजूनही माझी आत्या मला हवाई दलातलाच समजते. या शाखेचे मूळ तोफखान्यात आहे. तोफांचे गोळे नेमके कुठे पडताहेत हे हलक्या विमानातून पाहून खाली कळवणारे वैमानिक तोफखान्याचेच अधिकारी असत. त्यामुळे देवळालीच्या तोफखाना शाळेपासून जवळच उड्डाणाची शाळा असावी, यात मला नेहमीच एक स्वाभाविक नाते वाटत आले आहे. गाडी कुंपणाबाहेरूनच पुढे गेली. तळाचे फोटो काढायचे नसतात हे भाच्याला सांगावे लागले नाही, याचे बरे वाटले.

आमच्या शोध आणि सुटकेच्या, म्हणजे अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने बाहेर काढण्याच्या, कामाबद्दल लोकांची कल्पना बहुधा धाडसाची असते. प्रत्यक्षात त्या कामाचा पाया हिशेबाचा आहे, आणि तो हिशेब मला नाशिकच्या उन्हाळ्याने शिकवला. गांधीनगरचा तळ समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फुटांवर आहे. प्रमाण वातावरणात, म्हणजे हिशेबासाठी ठरवून घेतलेल्या सरासरी हवेत, या उंचीवर तापमान अकरा अंशांच्या आसपास धरतात. मे महिन्यात पारा चाळीसवर गेला की हवा इतकी विरळ होते की यंत्राच्या दृष्टीने तो तळ दोन हजार नव्हे, जवळजवळ साडेपाच हजार फुटांवर जाऊन बसतो. पंख्याची पाती तीच, इंजिन तेच, पण उचलण्याची ताकद घटलेली. मग एखादा माणूस अधिक घ्यायचा की तेवढे इंधन कमी न्यायचे, हा प्रश्न उड्डाणापूर्वी कागदावर सोडवावा लागतो. आमचे शिक्षक तो कागद पाहिल्याशिवाय हेलिकॉप्टरकडे पाऊल टाकू देत नसत. दया, तळमळ, घाई हे सगळे त्या कागदानंतर.

आम्ही शिकलो ती चेतक आणि चीता ही हेलिकॉप्टरे मूळ फ्रेंच आराखड्याची, हिंदुस्तान एरोनॉटिक्सने परवान्याखाली भारतात बांधलेली. फ्रेंच हेलिकॉप्टरांचा मुख्य पंखा वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, म्हणून ताकद वाढवली की नाक डावीकडे वळू पाहते आणि उजव्या पायाने पेडल दाबून ते सावरावे लागते. सुरुवातीला हात, पाय आणि डोळे तिघेही वेगवेगळ्या गावचे असल्यासारखे वागतात. मग एका सकाळी यंत्र जमिनीपासून थोड्या उंचीवर एका जागी थांबते आणि आपण ते कसे केले हे आपल्यालाच कळत नाही. या विषयावर याहून अधिक लिहिण्यात अर्थ नाही, कारण ती विद्या वाचून येत नाही.

सातपूर मागे पडले, महिरावणी आली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेते मोकळी दिसू लागली. मी नकळत जागा शोधू लागलो. अनोळखी जागी उतरण्यापूर्वी वैमानिक आधी उंचावरून आणि मग खालून घिरटी घालून जागा पारखतो: लांबीरुंदी, उतार, भोवतालची झाडे, परत निघण्याची वाट आणि वारा. वाऱ्यासाठी वीटभट्टीचा धूर किंवा दोरीवर वाळत घातलेले लुगडे उपयोगी पडते, पण माझा सर्वाधिक भरवसा शेततळ्यावर असे. शेततळ्याच्या ज्या काठालगत पाण्याची पट्टी गुळगुळीत दिसते, त्या बाजूने वारा येत असतो, कारण बांधाच्या आडोशामुळे तिथे लाटा उठत नाहीत. तारा तर वरून दिसतच नाहीत. म्हणून तार शोधायची नसते, खांब शोधायचे असतात, आणि दोन खांब दिसले की त्यांच्यामध्ये तार आहेच असे धरून चालायचे असते. भाच्याने यावर मान डोलावली आणि म्हणाला, “मामा, आमच्याकडे उलटं आहे. खांब उभे असतात, तारेचा पत्ता नसतो.”

या पट्ट्यात आता पॉलिहाउस आणि शेडनेट पुष्कळ झाली आहेत, द्राक्षबागांवरही प्लॅस्टिकचे आच्छादन दिसते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. हेलिकॉप्टरच्या दृष्टीने मात्र प्रत्येक सैल प्लॅस्टिक आणि प्रत्येक सुटा पत्रा हा धोकाच. पंख्याखाली दाबली जाणारी हवा पत्रा उचलून फेकते, आणि तो वर ओढला जाऊन पात्यांत गेला तर वाचवायला आलेलेच अडकतात. पुरात लोक छपरांवर चढून बसतात, तेव्हा ही अडचण पुस्तकातली राहत नाही.

अंजनेरीला आम्ही गावापासून वर चालत गेलो. अंजनेरी आणि ब्रह्मगिरी हे दोन्ही डोंगर चार हजार फुटांच्या वर आहेत, आणि पावसाळ्यात पश्चिमेचा वारा त्यांच्यावर आदळून पूर्वेच्या अंगाला खाली कोसळतो. वाऱ्याच्या दिशेला असलेल्या कड्यावर हवा वर चढते आणि यंत्राला फुकटची मदत मिळते. त्याच डोंगराच्या पाठीमागे तीच हवा यंत्राला खाली रेटते. अशा वेळी सरळ खाली, कमी वेगाने उतरू लागलो तर पंखा स्वतःच ढवळलेल्या हवेत सापडतो आणि ताकद जितकी वाढवावी तितका अधिक वेगाने खाली जातो. त्यातून सुटायचे तर नाक पुढे झुकवून वेग घ्यावा लागतो, आणि त्यासाठी समोर मोकळी दरी हवी. म्हणून डोंगरात उतरताना पळवाट आधी ठरवायची, उतरण्याची जागा नंतर. पठारावर उभा राहून मी ही वाट पहिल्यांदाच पायांनी पाहत होतो. वरून जी हिरवी सपाटी दिसे, ती प्रत्यक्षात गुडघाभर खड्ड्यांची आणि निसरड्या दगडांची निघाली.

हरिहर गडाच्या कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या खालूनच पाहिल्या. सुटीच्या दिवशी तिथे जी गर्दी होते ती पाहून भाच्याने विचारले, की वर कोणी अडकला तर हेलिकॉप्टर का बोलावत नाहीत. माझे मत स्पष्ट आहे: सह्याद्रीच्या अशा कड्यांवर बहुतेक वेळा दोर, स्ट्रेचर आणि वाट जाणणारी स्थानिक मुले हीच लवकर पोहोचणारी मदत असते. अरुंद पायऱ्यांवर उभ्या माणसांच्या डोक्यावर हेलिकॉप्टर आणले, तर त्याच्या वाऱ्यानेच कोणाचा तरी तोल जायचा. ढग उतरलेले असतील तर प्रश्नच मिटला.

या कामातली सर्वांत अवघड गोष्ट कड्यांचीही नव्हे, आवाजाची आहे. विंचने, म्हणजे दाराशी बसवलेल्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, माणूस उचलताना तो माणूस यंत्राच्या थेट खाली असतो आणि वैमानिकाला तो मुळीच दिसत नाही. दाराशी बसलेला विंच चालवणारा जवान खाली पाहतो आणि बोलत राहतो: पुढे पाच, चार, तीन, थांबा, उजवीकडे एक, उंची ठीक. वैमानिकाने समोरच्या एखाद्या झाडावर किंवा खडकावर नजर रोखून त्या आवाजाप्रमाणे हात हलवायचा. आवाज मध्येच थांबला तर काही बिघडले असे समजायचे. चेतकच्या विंचची क्षमता १७५ किलो, म्हणजे खाली उतरलेला जवान आणि ओल्या कपड्यांतला एक माणूस, बस. शिवाय हवेत फिरून यंत्रात साठलेली स्थिर वीज हूकमधून उतरत असते, म्हणून हूक आधी जमिनीला किंवा पाण्याला टेकू द्यायचा आणि मगच त्याला हात लावायचा. नवख्याला हे कितीही सांगितले तरी एकदा झटका बसल्याशिवाय ते पटत नाही.

१८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसहा येथे कोसी नदीचा बांध फुटला आणि नदीने उत्तर बिहारात जुनेच पात्र धरले. त्या कामावर असताना एका शाळेच्या गच्चीवर आम्ही आमचा जवान खाली सोडला. त्याने हूक सोडवला आणि तो एका मुलीला पट्टा घालू लागला. तेवढ्यात गच्चीवरच्या एका म्हाताऱ्याने तो हूक उचलून अर्धवट बांधलेल्या खांबाच्या सळईत पक्का अडकवला. हे मला अर्थातच दिसले नाही. मला ऐकू आले ते एवढेच, की विंचवरच्या हवालदाराचा आवाज किंचितही न चढता म्हणाला, हूक अडकला आहे, दोर ढिला सोडतो आहे, जागा सोडू नका. हेलिकॉप्टर इमारतीला बांधले जाणे म्हणजे काय हे हेलिकॉप्टरमधल्या प्रत्येकाला ठाऊक होते. अशा प्रसंगासाठी दोर तोडण्याची सोय असते आणि हवालदाराचा अंगठा त्या बटणावर होता. पण दोर तोडला असता तर आमचा माणूस आणि ती मुलगी दोघेही तिथेच राहिले असते. समोरच्या ताडाच्या शेंड्यावर डोळे रोवून मी तो आवाज ऐकत राहिलो. खाली जवानाने हूक मोकळा केला, मोजणी पुन्हा सुरू झाली आणि मुलगी वर आली. म्हातारा नावाडी होता, हे नंतर कळले. थांबलेली नाव बांधून ठेवायची असते, हा त्याचा जन्माचा शिरस्ता. त्याच्यावर रागावण्यासारखे काही नव्हते.

सियाचीनच्या वाट्याला गेलो तेव्हा तर विंच हा विषयच उरला नाही. तिथल्या चौक्यांवर चीता जोडीने जातात, टेकतात, पंखा फिरता ठेवूनच फुप्फुसांत पाणी झालेल्या जवानाला आत घेतात आणि उठतात. त्या आजारावरचा खरा उपाय म्हणजे रुग्णाला खाली आणणे. वजनाचा कागद तिथेही होताच, फक्त त्यावरचे आकडे इतके लहान असत की एका माणसासाठी डब्यांचा पुरवठा खाली ठेवावा लागे.

परतीच्या वाटेवर आम्ही गोदाघाटावर थांबलो. तिथल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले यावर नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले पूर पाहिलेला घाटावरचा एक दुकानदार दुकानातला माल कोणत्या क्रमाने वर न्यायचा हे मला सांगत होता. त्याच्या त्या क्रमाला माझ्या शिक्षकांनीही मान्यता दिली असती. दुसऱ्या दिवशी खाली निफाडच्या बाजूला, सायखेडा आणि चांदोरीकडे गेलो, कारण गोदावरी चढली की ही गावे आधी पाण्यात येतात. आता भाच्यालाच नाद लागला होता. दर फर्लांगाला तो गाडी हळू करून विचारी, “मामा, इथे उतरेल?” उसाच्या शेताला मी नाही म्हणालो, कांदाचाळीजवळच्या अंगणाला पत्र्यांमुळे नाही म्हणालो. शेवटी एका शाळेचे मैदान आले, सपाट, मोकळे, पूर्वेला नुसती बाभळीची रांग. मी हो म्हणणार एवढ्यात त्यानेच मैदानाच्या दोन कोपऱ्यांवरचे खांब दाखवले आणि म्हणाला, “ही लाइन चालू आहे, मीच ओढलीय.”