संपात नसाल तर पगाराचं काय? वडोदरा परिसरातल्या मकरपुरा, पोर, मंजुसरच्या कामगारांसाठी

कारखान्यात संपाची नोटीस लागली की युनियनबाहेरचा कामगार स्वतःची समजूत घालतो, 'आपण त्यांच्यात नाही, आपला पगार कोण कापणार?' हा समज महागात पडतो. पगार ठरवताना कायदा युनियनची पावती बघत नाही. त्या दिवशी तुम्ही वेळेवर कामावर आलात का, काम केलंत का, आणि केलं नसेल तर ते कशामुळे थांबलं, एवढंच तो बघतो. सभासद नसलेला माणूस भीतीपोटी घरी बसला तर तो गैरहजरच. सभासद असूनही पाळीला येऊन काम करणाऱ्याला मात्र पूर्ण पगार मिळतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता (कामगारांसाठीचे नवे कायदे) लागू झाल्या आहेत. टाइम ऑफिसात अजून फॅक्टरी ॲक्ट आणि आयडी ॲक्ट (औद्योगिक विवाद कायदा) हीच जुनी नावं ऐकू येतात, आणि बरेच नियम आशयाने तेच राहिले आहेत. काही आकडे मात्र बदलले आहेत, ते पुढे येतीलच.

आधी कपातीचं. गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच करता येते. पण दहा किंवा अधिक जणांनी संगनमताने, करारातली नोटीस न देता आणि सबळ कारण नसताना दांडी मारली, तर न दिलेल्या नोटिशीच्या बदल्यात आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. तशी अट नेमणुकीच्या करारात असावी लागते, म्हणून आपलं नेमणूकपत्र शोधून वाचा. दुसरा धोका बैठ्या संपाचा. मशीनजवळ हजर राहून काम नाकारणारा कायद्याने गैरहजर धरला जातो. आजूबाजूचे सगळे हात बांधून बसले आणि तुम्हीही त्यांच्यात उभे राहिलात, तर पंचिंग असूनही पगार जाऊ शकतो. अशा वेळी सुपरवायझरला त्याच पाळीत लेखी द्या: 'मी कामाला तयार आहे, काम द्यावे.' तारीख, वेळ, मशीन नंबर लिहा आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच मजकूर व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर पाठवा.

आता सगळ्यात गुंतागुंतीचा भाग. तुम्ही आलात, पण संपामुळे तुमच्या खात्यात कामच नाही. मॅनेजमेंट नोटीस लावतं, आणि त्या नोटिशीतल्या एका शब्दावर तुमचे पैसे ठरतात. वडोदऱ्यात ती बहुतेक वेळा गुजरातीत असते आणि मराठी माणूस इथेच फसतो. गुजरातीत 'रजा' म्हणजे सुट्टीही आणि रजाही. 'कारखान्यात रजा राखली आहे' असं वाचून आपण सुट्टी समजतो आणि पगाराच्या स्लिपवर स्वतःच्या खात्यातली पीएल (साठलेली पगारी रजा) वजा झालेली दिसते. म्हणून पहिल्याच दिवशी विचारा: ही पगारी सुट्टी, आमच्या शिल्लकीतली रजा, ले-ऑफ (काम नाही म्हणून तात्पुरतं बसवून ठेवणं), की विभागच बंद? उत्तर लेखी मागा.

ले-ऑफ असेल तर मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या ५० टक्के भरपाई मिळते, साप्ताहिक सुट्ट्या वगळून. त्यासाठी कारखाना किमान ५० कामगारांचा आणि हंगामी नसलेला, तुमचं नाव मस्टरवर, तुम्ही बदली (दुसऱ्याच्या जागी आलेले) किंवा कॅज्युअल (तात्पुरते) कामगार नाही, आणि एक वर्षाची सलग नोकरी, म्हणजे मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस, असं सगळं लागतं. मूळ पगार अधिक महागाई भत्ता महिन्याला १५,६०० असेल तर २६ ने भागून रोज ६०० आणि ले-ऑफचे रोज ३००.

वेळेचा हिशेबही नीट समजून घ्या. पाळी ७ वाजता सुरू होते, तुम्ही हजर आहात आणि दोन तासांत, म्हणजे ९ पर्यंत, काम दिलं नाही तर तो दिवस ले-ऑफचा. पण 'दुसऱ्या अर्ध्या पाळीला या' असं सांगितलं, तुम्ही आलात आणि तरीही काम दिलं नाही, तर त्या अर्ध्या भागाचा पूर्ण पगार मिळायला हवा. वरच्या उदाहरणात पहिल्या भागाचे १५० आणि दुसऱ्या भागाचे ३००, असे ४५०. हा फरक स्लिपवर क्वचितच दिसतो, कारण परत आल्याची नोंदच नसते. परत येताना पुन्हा पंच करा.

आणि हे वाचून वाईट वाटेल, पण माहीत असलेलं बरं. त्याच कारखान्याच्या दुसऱ्या भागातल्या कामगारांच्या संपामुळे किंवा त्यांनी उत्पादन मंदावल्यामुळे ले-ऑफ झाला, तर भरपाई देण्याचं बंधन मालकावर नाही. फाउंड्रीत संप, म्हणून मशीन शॉपमध्ये कास्टिंग आलं नाही: मशीन शॉपवाल्याची काही चूक नसताना हातात शून्य. माझ्या मते हा नियम अन्यायाचा आहे, पण नवीन संहितेतही तो कायम ठेवला आहे. म्हणून नोटिशीत कारण काय लिहिलंय ते वाचाच. संप एका खात्यात असला आणि तुमचं काम वीज नसल्यामुळे थांबलं असेल तर ती वेगळी गोष्ट आहे. त्या दिवसांचा जॉब कार्डाचा किंवा ब्रेकडाउन रजिस्टरचा फोटो उपयोगी पडतो.

भरपाई जाण्याची आणखी दोन कारणं आहेत. दिवसातून एकदा ठरलेल्या वेळी हजेरी लावली नाही तर ती जाते. त्याच कारखान्यात किंवा त्याच मालकाच्या, त्याच गावातल्या वा ८ किलोमीटरच्या आतल्या दुसऱ्या युनिटमध्ये, तेवढ्याच पगाराचं आणि वेगळं कौशल्य न लागणारं काम नाकारलं तरीही जाते. मकरपुऱ्यातून पोरला पाठवत असतील तर आधी अंतर मोजा, मग नाही म्हणा.

शून्य आणि ३०० यांच्या तुलनेत पीएल टाकणं केव्हा शहाणपणाचं? दुसऱ्या खात्यातल्या संपामुळे बंद असेल तर पीएल टाका, ६०० मिळतील. भरपाईचा ले-ऑफ असेल तर पीएल राखून ठेवणंच मला बरं वाटतं. मात्र अर्ज तुमचा हवा. न विचारता वजा केलेली रजा परत मागा. कारखान्यात पीएलचा अर्ज १५ दिवस आधी द्यायची जुनी पद्धत आहे, आणि संपाची नोटीस दिल्यानंतर १४ दिवस संप करता येत नाही. म्हणजे ठरलेलं लग्न किंवा गावी जाणं असेल तर संपाची नोटीस लागली त्याच दिवशी अर्ज टाका. उशीर झाला तर तुमच्या अर्जाकडे संशयाने बघतील. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी मिळून एकाच दिवशी घेतलेली कॅज्युअल रजा आता संपच धरली जाते, आणि खऱ्या कारणाने सुट्टीवर गेलेला माणूसही त्या यादीत अडकतो. लग्नपत्रिका, रेल्वेचं तिकीट, मंजुरीचा मेसेज सांभाळून ठेवा. नाकारलेली रजा पुढच्या वर्षी नेताना ३० दिवसांच्या मर्यादेत धरत नाहीत, म्हणून नकारही लेखी घ्या. वर्षाच्या पगारी रजेचा हक्क आता २४० ऐवजी १८० दिवसांच्या कामावर मिळतो, दर २० दिवसांना एक दिवस. ले-ऑफचे दिवस त्या १८० मध्ये धरतात, पण त्या दिवसांवर नवी रजा साठत नाही. ले-ऑफच्या भरपाईसाठी मात्र २४० चाच आकडा आहे. या दोघांची गल्लत टाइम ऑफिसही करतं.

आजारी पडलात तर पहिल्याच दिवशी ईएसआयच्या (कामगार विमा योजनेच्या) दवाखान्यात जा. नुसत्या खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर संपाच्या काळात कोणी विश्वास ठेवत नाही. आजारपणाचा लाभ सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के असतो, पहिले दोन दिवस सहसा मिळत नाहीत, आणि संपावर असलेल्या दिवसाचा मुळीच मिळत नाही. मस्टरवर चुकून 'संप' लागला तर हाही पैसा बुडतो.

गेटवर अडवलं तर? संपात नसलेल्यांना शरीराने अडवणं किंवा धमकावणं ही युनियनकडून होणारी अनुचित प्रथा आहे. तरीही वाद घालत आत घुसू नका. गेट दिसेल असा वेळेसह फोटो काढा, टाइम ऑफिसला लगेच मेसेज करा, दुसरं गेट किंवा कंपनीची बस आहे का ते विचारा. पगार मिळेलच अशी हमी नाही, पण हा मेसेज नसेल तर दावाच उभा राहत नाही.

आत अडकून दोन पाळ्या केल्यात तर जादा तासांचा दर दुप्पट. आत मुक्काम असेल तर कामाचे तास रोज वहीत टिपा आणि सुपरवायझरची सही घ्या. ठेकेदाराकडच्या कामगारांनी तर हे नक्कीच करावं. ठेकेदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, पण तुम्ही त्या दिवशी त्या आवारात होतात हे दाखवावं लागतं.

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत व्हायला हवा. स्लिप आली की कापलेले दिवस तुमच्या वहीशी जुळवा आणि पीएफच्या नोंदीतले बिनवर्गणीचे (पगार नाही म्हणून वर्गणी न भरलेले) दिवस तपासायला सांगा. चूक असेल तर आधी लेखी अर्ज करा. नाही सुधारली तर पगाराचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो.