सहज आलो होतो

परवा दुपारी तीन वाजता बेल वाजली. कुरियर नाही, इस्त्रीवाला नाही. दारात काका उभे. आजोबांच्या मित्राचे चिरंजीव, आता स्वतःच ऐंशीच्या घरातले. ‘इकडे गिरगावात आलो होतो, म्हटलं डोकावावं.’ ना फोन, ना मेसेज. मी लुंगीवर. सोफ्यावर वाळलेले कपडे.

चहा टाकता टाकता लक्षात आलं, ‘सहज आलो’ हे शब्द कितीतरी वर्षांत कानावर पडले नव्हते.

आमच्या चाळीतल्या खोलीत माणसं अशीच यायची, आणि व्याख्यान असलं की जथ्याने. आजोबा मला बोट धरून न्यायचे. विषय काय असे, देव जाणे. टेबलावरचं पाण्याचं तांब्याभांडं मात्र आठवतं. वक्ता ते कधी पिणार, यावर मी मनाशी पैज लावायचो आणि निकालाआधीच झोपायचो. खरं व्याख्यान घरी आल्यावर सुरू व्हायचं. चार म्हातारे खाटेवर बसून वक्त्याची पिसं काढायचे. आजी तिसऱ्यांदा स्टोव्हला पंप मारत म्हणायची, ‘वक्ता परवडला, पण हे श्रोते आवरा.’

या खोडीचं मूळ फार जुनं असणार. १८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या पोरांनी सभा काढली आणि तिच्या मराठी शाखेत दादोबा पांडुरंगांसारखी मंडळी जमू लागली. एकाने निबंध वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा. गोविंद नारायण माडगावकरांचे निबंध असेच आधी ऐकले गेले, मग छापले गेले. रस्त्यांवर गॅसचे दिवे आले ते १८६५ साली, ट्राम १८७४ साली. म्हणजे सभा संपली की अंधारातून पायीच परतायचं. त्या वाटेवर निबंधाचं काय काय झालं असेल, याची मला उगाचच जास्त उत्सुकता आहे. इतिवृत्तात ते थोडंच येतं!

जातिभेद मोडायला निघालेल्या परमहंस सभेची गोष्ट तर निराळीच. तीही मुंबईतलीच, १८४९ची. बैठका गुपचूप. सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खायचा. आज आपण वडापाव हाणतो तो पाव! त्या एका घासाने जात जायची, घरचे दार लावून घ्यायचे. पुढे सभासदांची यादी चोरीला गेली आणि १८६०च्या सुमारास सभा विस्कटली. चार मित्रांकडे जाऊन काहीतरी खाऊन येणं इतकं महाग होतं. तरी माणसं जातच राहिली. १८६७ साली प्रार्थना समाज सुरू झाला तोही आत्माराम पांडुरंगांच्या राहत्या घरी. (त्या संध्याकाळी आत माजघरात काय बोलणं झालं असेल, हे आजीला विचारायला हवं होतं.)

आणि मी? व्याख्यानं मोबाइलवर ऐकतो, दीडपट वेगाने, भांडी घासताना. पिसं काढायला समोर कुणी नसतं.

काका तासभर बसले. चहा बशीत ओतून प्यायले. काही काम निघेल म्हणून मी वाट पाहत होतो, निघालं नाही. उठल्यावर दारात उभं राहून आणखी अर्धा तास, चप्पल एका पायात. माटुंग्याला परवा कुणाचं तरी भाषण झालं, ‘तुझ्या आजोबांनी सोलला असता त्याला,’ म्हणाले आणि एकटेच खूप हसले.

जिन्याशी मी सवयीने बोलून गेलो, ‘काका, पुढच्या वेळी एक फोन करून या हं, म्हणजे मी नक्की घरी असेन.’

‘हो हो, बरोबर आहे,’ म्हणाले. कठडा धरून एकेक पायरी उतरत गेले.

फोन करतील असं वाटत नाही. माझ्याकडे त्यांचा नंबरही नाही.