एप्रिलातला घड

पुण्यातल्या एका ॲनिमेशनच्या क्लासमध्ये मी लाइटिंग आणि कंपोझिटिंग (चित्राचे वेगवेगळे थर जुळवून एक फ्रेम करणं) शिकवतो. त्याआधी बारा वर्षं मुंबईच्या एका स्टुडिओत परदेशी पिक्चरांचे शॉट करायचो. जूनमध्ये ॲडमिशनसाठी पालक येतात, फी विचारतात, नोकरी लागेल का विचारतात, आणि जाताना, चपला पायात सरकवता सरकवता, कुणीतरी हमखास एक प्रश्न टाकतं. यंदा तो निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदारांनी टाकला. मुलगा दारात मोबाइल बघत उभा होता.

"सर, हजार हजार कोटी घालून कार्टूनचा पिक्चर काढतात आणि तो पडतो, असं पेपरात येतं. एवढा पैसा, एवढी हुशार माणसं. मग पडतो कसा?"

प्रश्नामागचा प्रश्न मला कळतो. तिथे एवढ्यांचं बुडतं, तर माझ्या पोराचं काय? त्यांना परत बसवलं, चहा सांगितला. त्या दिवशी जे बोललो ते आता लिहून ठेवतोय. तर, तुम्ही विचारलंत म्हणून.

आधी हिशेब, कारण तो लवकर संपतो. तिकिटाच्या पैशातला साधारण निम्मा भाग थिएटरवाले ठेवतात. परदेशात तर निम्म्याहून कमी हाती येतो. शिवाय जाहिरातीचा खर्च पिक्चरच्या खर्चात धरलेला नसतो, तो वेगळा, आणि मोठ्या पिक्चरला तो कोट्यवधी डॉलरचा असतो. म्हणून १५ कोटी डॉलरच्या पिक्चरने १५ कोटींचा धंदा केला की लोक म्हणतात "निघाले की पैसे". कुठले निघाले? निम्मेसुद्धा नाही. अडीच पट धंदा झाला तर मुद्दल सुटल्यात जमा. हे ऐकून ते हसले. "म्हणजे अडत, हमाली, तोलाई," म्हणाले. अगदी तेच.

पण पिक्चर पडतो तो हिशेबाने नव्हे. साध्या पिक्चरचं शूटिंग होतं तेव्हा एकेका प्रसंगाचे पाच-सात टेक असतात, दोन-तीन बाजूंनी घेतलेले. एडिटरच्या टेबलावर हा ढीग येतो आणि त्यातून पिक्चर परत एकदा लिहिता येतो. वाईट शूट झालेला पिक्चर एडिटिंगमध्ये सावरल्याची उदाहरणं सिनेमावाले चवीने सांगतात. आमच्याकडे हा ढीगच नसतो. एका सेकंदाला २४ फ्रेम, आणि चांगल्या स्टुडिओतला ॲनिमेटर आठवड्याला तीन-चार सेकंदांचं काम देतो. त्यापुढे कापड, केस, लाइट, रेंडर (कॉम्प्युटरकडून पक्कं चित्र काढून घेणं), कंपोझिट. इतकं महाग काम कुणी जास्तीचं करून ठेवत नाही. म्हणून आमचं एडिटिंग आधी होतं, चित्रांच्या पट्टीवर, म्हणजे गोष्टीची कच्ची चित्रं ओळीने लावून, कच्च्या आवाजात. पट्टी मंजूर झाली की मगच लोक कामाला बसतात.

१९८५ साली डिस्नेत याची मोठी गंमत झाली होती, म्हणजे आता गंमत वाटते. 'द ब्लॅक कॉल्ड्रन' हा पिक्चर वर्षानुवर्षं रखडत तयार होत आला होता, खर्च ४.४ कोटी डॉलर. त्याच सुमारास स्टुडिओचा कारभार जेफ्री कॅट्झनबर्ग यांच्याकडे आला. त्यांनी पिक्चर पाहिला, फार काळा आणि भीतिदायक वाटला, आणि त्यांनी तो एडिट करायला सांगितला. लोक म्हणाले, साहेब, ॲनिमेशन एडिट होत नसतं. साहेब स्वतः एडिटिंग रूममध्ये जाऊन बसले. शेवटी बारा मिनिटं कापली गेली, हाताने रंगवलेली. त्याने पिक्चर सुधारला का? अमेरिकेत धंदा झाला २.१ कोटींचा. त्याच वर्षी भेटकार्डांवरच्या अस्वलांवर काढलेल्या एका स्वस्तातल्या पिक्चरने त्याहून जास्त कमावले. कात्री चालवणारा माणूस चुकीचा होता असं मला वाटत नाही. कात्रीची वेळ कधीच गेली होती.

इथे बागायतदारांनी कप खाली ठेवला. "आमची खरड छाटणी," ते म्हणाले. मला द्राक्षातलं खाण्यापलीकडे काही कळत नाही, म्हणून त्यांनी समजावलं. वेलीची छाटणी वर्षातून दोनदा. एप्रिलातली खरड छाटणी, ऑक्टोबरातली गोडी छाटणी. लोकांना वाटतं, घड ऑक्टोबरनंतर धरतो. पण काडीच्या डोळ्यात घड तयार होतो तो एप्रिलच्या छाटणीनंतर, पहिल्या दोनेक महिन्यांत. त्या दिवसांत ऊन मिळालं नाही, पाणी चुकलं, की डोळा रिकामा. पुढे कितीही फवारा, डिपिंग करा, म्हणजे घड औषधात बुडवून काढा. "मणी फुगंल सर, पण नसलेला घड कुठून आणणार?"

इतकी वर्षं हा विषय शिकवतोय, पण इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं. पडणाऱ्या पिक्चरांवर शेवटच्या वर्षात जो पैसा ओततात, तो सगळा डिपिंगचा.

माझं स्वतःचं दुखणं आहे 'ट्रेझर प्लॅनेट'. डिस्नेचा २००२चा पिक्चर, मी तेव्हा शिकत होतो आणि तो सीडीवर पाहिला होता. स्टीव्हन्सनची समुद्री चाच्यांची गोष्ट, पण जहाजं आकाशात तरंगणारी. त्यात सिल्व्हर नावाचा चाचा आहे. त्याचा देह ॲनिमेटर ग्लेन कीन यांनी पेन्सिलीने काढलेला आणि एक हात यंत्राचा, तो कॉम्प्युटरवर केलेला. हे दोन्ही जुळेल का, हे बघायला त्यांनी १९५३च्या 'पीटर पॅन'मधला कॅप्टन हुक घेऊन त्याच्या जुन्या चित्रांना कॉम्प्युटरचा हात बसवून पाहिला होता. सिल्व्हर स्वयंपाक करतो तेव्हा त्या हातातून सुऱ्या निघतात, आणि पेन्सिल कुठे संपते, यंत्र कुठे सुरू होतं, ते कळत नाही. मी वर्गात हा प्रसंग दरवर्षी दाखवतो.

खर्च १४ कोटी डॉलर. जगभरातला धंदा जेमतेम ११ कोटी. कंपनीला आधी जाहीर केलेल्या नफ्यातून ७.४ कोटी वजा करावे लागले.

दोष शोधायला लोक प्रदर्शनाच्या तारखेपाशी जातात, आणि ते खोटं नाही. अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीचा आठवडा, समोर दुसरा हॅरी पॉटर, शेजारी नवा जेम्स बाँड, आणि वर डिस्नेचाच सांताक्लॉजचा पिक्चर त्याच थिएटरांत चालू. पहिल्या शनिवार-रविवारी हा चौथा आला, घरच्याच पिक्चरच्या मागे. पण तारीख बदलली असती तर तो चालला असता का? मला नाही वाटत. ही कल्पना दिग्दर्शक रॉन क्लेमेंट्स यांनी कंपनीत पहिल्यांदा मांडली ती १९८५ साली. नाकारली गेली. मग त्यांनी आणि जॉन मस्कर यांनी जलपरी केली, अल्लादीन केला, हर्क्युलिस केला, आणि या कमाईच्या जोरावर शेवटी हा पिक्चर मिळवला. सतरा वर्षं मनात धरलेली गोष्ट. दरम्यान १९९५मध्ये कॉम्प्युटरवर केलेला 'टॉय स्टोरी' येऊन गेला, २००१मध्ये तसाच 'श्रेक' आला, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी ठरवून टाकलं की हाताने काढलेलं ते लहान मुलांचं. लहान मुलांसाठी म्हणावं, तर यात पात्रं गाणी म्हणत नाहीत. घड धरला तेव्हाचं ऊन वेगळं होतं.

आणि याच कंपनीने त्याच २००२मध्ये 'लिलो अँड स्टिच' काढला. फ्लोरिडातल्या लहान टीमने, ८ कोटींत. मागची दृश्यं जुन्या पद्धतीने, जलरंगात. आईबाप गेलेल्या दोन बहिणी, भाड्याची चणचण, घरी तपासणीला येणारा सरकारी माणूस, आणि त्यात एक अंतराळातलं द्वाड जनावर. धंदा २७ कोटींचा. मला खात्री आहे, १४ कोटींच्या पिक्चरमध्ये त्या बहिणींचं भांडण कुणी इतकं खरं राहू दिलं नसतं. पैसा वाढला की मिटिंगा वाढतात, मिटिंगांतून नोट्स, म्हणजे बदलाच्या सूचना, येतात, आणि प्रत्येक नोट एकच गोष्ट सांगते: हे जरा सगळ्यांना चालेल असं करा. सगळ्यांना चालेल असं मेसचं जेवण असतं. वर्षभर लोक ते गिळतात, पण त्यासाठी रांग कुणी लावत नाही.

दुसरी एक जात आहे, जिथे पैसा माणूस हुबेहूब करण्यात जातो. २००१चा 'फायनल फँटसी: द स्पिरिट्स विदिन'. होनोलुलूत खास स्टुडिओ उभारला, नायिकेच्या डोक्यावर साठ हजार केस, एकेक वेगळा हलणारा. खर्च १३.७ कोटी, धंदा ८.५ कोटी, स्टुडिओ बंद. दहा वर्षांनी 'मार्स नीड्स मॉम्स': १५ कोटी घातले, ४ कोटीसुद्धा आले नाहीत. जपानी संशोधक मासाहिरो मोरी यांनी १९७०मध्येच लिहून ठेवलं होतं की यंत्र माणसासारखं होत जातं तसं ते आवडत जातं, पण अगदी जवळ आलं की अचानक किळस येते. आपल्याला हे मोरींनी सांगायची गरज नव्हती. आपल्या आजीच्या गोष्टीतल्या हडळीचं सगळं बाईसारखं असतं, फक्त पावलं उलटी. सगळंच वेगळं असतं तर इतकी भीती वाटलीच नसती. २०१४मध्ये 'कोचडैयान'मध्ये प्रत्यक्ष रजनीकांतचा चेहरा मोशन कॅप्चरने, म्हणजे खऱ्या माणसाच्या हालचाली टिपून, उभा केला. चालण्यातला, गॉगल फिरवण्यातला जो झटका बघायला लोक जातात, तोच थिजलेला. तो पिक्चर बघताना मला शोकसभेत बसल्यासारखं वाटलं. रजनीचे चाहते मला क्षमा करोत.

अलीकडचं कारण साधं आहे. कोविडच्या काळात डिस्नेच्याच पिक्सार स्टुडिओने 'सोल', 'लुका', 'टर्निंग रेड' थेट घरी पाठवले. मग २०२२मध्ये २० कोटी डॉलरचा 'लाइटइयर' थिएटरात आणला, तेव्हा घरोघरच्या आया म्हणाल्या असतील, येईलच की घरी. माझी बहीण तरी हेच म्हणाली. चार तिकिटं, वर पॉपकॉर्न, वर पार्किंग, आणि धाकटा मध्यंतरातच झोपणार. २०२५मध्ये 'एलिओ'ची सुरुवात पिक्सारच्या इतिहासातली सगळ्यात दुबळी ठरली. (मधे 'एलेमेंटल'चीही अशीच पडेल सुरुवात झाली होती. लोकांनी श्रद्धांजल्या लिहिल्या, आणि तो तोंडी स्तुतीवर चढत ५० कोटी डॉलरच्या जवळ गेला. शुक्रवारच्या आकड्यावर मी तेव्हापासून पैज लावत नाही.)

आणि मग 'महावतार नरसिंह'. जुलै २०२५. हॉलिवुडच्या मानाने चिल्लर खर्च. मी थिएटरात धंद्याच्या नजरेने चुका मोजत बसलो होतो. केस कडक, कापड पत्र्यासारखं, काही चालींमध्ये पाय जमिनीवरून घसरतात. माझ्या पुढच्या रांगेतल्या आजींनी खांब फुटला तेव्हा हात जोडले आणि शेवटपर्यंत सोडले नाहीत. ३०० कोटी रुपयांच्या वर धंदा झाला. मला त्याचा थोडा रागही आला होता, खोटं कशाला बोलू. आपण साठ हजार केस हलवायला शिकायचं आणि लोकांनी कडक केसांना नमस्कार करायचा. पण प्रल्हाद त्या आजींच्या मनात आधीच होता, तिथे काही नव्याने लावायचं नव्हतं.

माझाही एक शॉट आहे. पावसानंतरची गल्ली, डबक्यात दिव्याचं प्रतिबिंब, मांजर डबक्याच्या कडेने जाते. चार सेकंद. सात आठवडे त्यावर होतो. ओल्या दगडावरच्या उजेडाचे अकरा रिटेक झाले, मग 'फायनल' आला, टीमने वडापाव खाल्ला. पंधरा दिवसांनी मेल आला की अख्खा सीक्वेन्स ओमिट, म्हणजे तो सगळा प्रसंगच पिक्चरमधून काढला. गोष्टीत तो बसत नव्हता, हे तिथल्या कुणाच्या तरी तेव्हा लक्षात आलं. आम्हाला पट्टी पहिल्यांदा दाखवली तेव्हा आमच्या टी बॉयने विचारलं होतं, "ही मांजर कुठनं आली मधेच?" आम्ही हसलो होतो. पिक्चर पडला. आमचे पगार वेळेवर झाले, पुढचं काम मात्र आलं नाही, आणि टीममधल्या निम्म्या लोकांनी दोन महिन्यांत दुसरीकडे नोकऱ्या धरल्या. त्यातलाच मी एक.

हे मी त्यांना लपवून ठेवलं नाही. पिक्चर पडला म्हणून कामगाराचा पगार कुणी कापत नाही, पण स्टुडिओ बंद होतात, होनोलुलूचा झाला तसा. 'लिलो' करणारा फ्लोरिडाचासुद्धा २००४मध्ये बंद झाला, चाललेला पिक्चर देऊनही. पोराला एका सॉफ्टवेअरवर अवलंबून ठेवू नका, चित्रकला करू दे, आणि गावाकडे येऊन-जाऊन राहू दे, एवढंच म्हणालो.

ते बराच वेळ गप्प होते. मग पोराकडे बघून म्हणाले, "गेल्या साली गारपिटीने सगळं गेलं, तरी एप्रिलात छाटणी केलीच की." आणि माझ्याकडे वळले.

"फी हप्त्यानं चालंल का सर? दोन हप्ते. दुसरा माल गेल्यावर."

चालेल म्हटलं.