माझ्या अकरा जणांत मेसी का नाही

फुटबॉलचं वेड आहे असा एकदा बोभाटा झाला की एक प्रश्न जन्मभर पाठ सोडत नाही. तुमचा ऑल टाइम इलेव्हन, म्हणजे आजवरच्या सगळ्या खेळाडूंतून निवडलेला अकरा जणांचा संघ, कोणता? लग्नाच्या पंगतीत विचारतात, ऑफिसच्या लिफ्टमध्ये विचारतात. मी नावं सांगतो आणि समोरच्याचा चेहरा उतरतो. पेले नाही, मॅराडोना नाही, दोन्ही रोनाल्डो नाहीत? आणि मेसीसुद्धा नाही? माझा भाचा तर म्हणतो, "मामा, तू मुद्दाम करतोस." तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं सविस्तर सांगून टाकतो.

माझ्या संघाची अट एकच आहे. खेळाडूने उभी कारकीर्द एकाच क्लबमध्ये काढलेली हवी. मधे लोनवर, म्हणजे उसना, दुसरीकडे गेला, बाद. उतारवयात दोन पैसे गाठीला बांधायला अमेरिकेत गेला, बाद. देशासाठी काय पराक्रम केला ते इथे धरायचं नाही, हिशोब फक्त क्लबचा. निवृत्तीनंतर कुणाच्या आग्रहाखातर कुठे पाय मोकळे केले असतील, तर तेवढ्याकडे मी कानाडोळा करतो.

ऑगस्ट २०२१ पर्यंत मेसी होता माझ्या संघात. बार्सिलोनासाठी ७७८ सामने आणि ६७२ गोल, त्याला कोण नाही म्हणणार? मग ती पत्रकार परिषद झाली, तो ढसाढसा रडला आणि पॅरिसला गेला. त्याला जायचं नव्हतं. लीगच्या खर्चमर्यादेत त्याचा नवा करार बसवणं क्लबला जमलं नाही, हे सगळं मान्य. पण अट ती अट. अशीच कासियासला पोर्तोने, जेरार्डला लॉस एंजेलिसने आणि लामला पोरवयातल्या श्टुटगार्टच्या लोनने नडवलं. डॅनिएले डी रॉसी तर अख्खी कारकीर्द रोमात काढून अगदी शेवटी काही महिन्यांसाठी बोका ज्युनियर्सला जाऊन आला. थॉमस म्युलरचं मात्र मला मनापासून लागलं. दहा वर्षांचा असल्यापासून बायर्नमध्ये होता, आणि २०२५ मध्ये व्हँकुव्हरला गेला. माझ्या बाकावरची त्याची जागा पक्की होती हो!

हे ऐकल्यावर लोक म्हणतात, वा, म्हणजे तुम्हाला निष्ठा आवडते. इथे मी हात वर करतो. निष्ठेबद्दल मला फारसा उमाळा नाही, आणि त्याचं कारण माझ्याच संघाचा राइट विंगर, म्हणजे उजव्या कडेने चढाई करणारा, टॉम फिनी आहे.

फिनी प्रेस्टन नॉर्थ एंडचा. १९४६ ते १९६० खेळला. वडिलांनी बजावलं होतं की आधी हाताला कसब हवं, म्हणून प्लंबिंग शिकला, आणि इंग्लंडचा नावाजलेला विंगर झाल्यावरही नळ दुरुस्तीचा धंदा चालूच ठेवला. १९५२ मध्ये इटलीच्या पालेर्मो क्लबने त्याला मागणी घातली. करारावर सही केली की दहा हजार पौंड हातात, वर पगार, राहायला बंगला, फिरायला गाडी. प्रेस्टनने साफ नकार दिला आणि विषय संपला. त्या काळी इंग्लंडमध्ये करार संपला तरी क्लब खेळाडूला अडकवून ठेवू शकत असे. पगाराला कमाल मर्यादा होती, ती १९६१ साली उठली, तेव्हासुद्धा आठवड्याला जेमतेम वीस पौंड. मग फिनीच्या राहण्याला निष्ठा म्हणायचं की वेठबिगारी? त्याला प्रेस्टनचं प्रेम होतं यात शंका नाही, पण प्रेम नसतं तरी तो तिथेच राहिला असता. युरोपात करार संपल्यावर फुकट दुसरीकडे जायची मोकळीक मिळाली ती डिसेंबर १९९५ च्या बोसमन निकालानंतर. त्याआधीचे एक-क्लबवाले आणि नंतरचे एक-क्लबवाले एकाच तराजूत तोलता येत नाहीत.

मग अट कशासाठी? तर एक माणूस वीस-वीस वर्षं एकाच शर्टात बघायला मिळतो, म्हणून. मागे तेच प्रेक्षक, तेच रंग, आणि त्यात त्याचा खेळ लोणच्यासारखा मुरत जातो. क्लब बदलला की नवा कोच, नवी पद्धत, आणि खेळाडूतला बदल वयाचा की जागेचा, हे कळेनासं होतं. एकाच जागी राहिला की तो वयाचाच. पाय हळू झाले की माणूस डोक्याने काय काय करतो, ते उघड्यावर दिसतं.

पाओलो माल्दिनी घ्या. जानेवारी १९८५ मध्ये सोळा वर्षांचा असताना उडिनेच्या मैदानावर मध्यंतरानंतर मिलानसाठी उतरला, आणि २००९ पर्यंत ९०२ सामने खेळला. मुळात उजव्या पायाचा, पण त्याला डाव्या बगलेला ठेवलं आणि तिथे त्याच्या तोडीचा लेफ्ट बॅक झाला नाही. तरुणपणी तो कडेने वर-खाली नुसता पळत असे. पस्तिशी जवळ आल्यावर मधे आला, नेस्ताच्या शेजारी, आणि पळणं जवळजवळ बंदच केलं. समोरचा फॉरवर्ड ज्या जागेकडे धावतोय तिथे हा आधीच उभा. २००५ ची चॅम्पियन्स लीगची इस्तंबूलची फायनल आमच्याकडे रात्री सव्वाबाराला सुरू झाली होती. मी चहाचा कप घेऊन टेकेपर्यंत पिर्लोच्या फ्री किकवर माल्दिनीचा गोल झालेला. छत्तिसावं वर्ष, सामन्याचं पहिलं मिनिट. पुढे लिव्हरपूलने तीन गोल फेडून ती फायनल पेनल्टींवर नेली आणि जिंकली. ती कथा सगळ्यांना पाठ आहे, पण मला त्या रात्रीतला पहिला मिनिटच जास्त प्यारा.

आणि निष्ठेचं बक्षीस? मे २००९ मध्ये सान सिरोवरचा त्याचा शेवटचा सामना, रोमाविरुद्ध. मैदानाला निरोपाची फेरी मारताना मिलानच्याच कट्टर समर्थकांच्या एका गटाने शिट्ट्या घालून त्याची हुर्यो उडवली. कर्णधार एकच, बारेसी, असा फलकही लावला. पंचवीस हंगाम खेळलेल्या माणसाला!

तो फ्रँको बारेसी अर्थात माझ्या संघात आहेच. पोरसवदा असताना इंटरने त्याच्या भावाला घेतलं आणि याला परत पाठवलं, मग तो मिलानमध्ये आला. मिलान दोनदा खालच्या विभागात घसरला, हा दोन्ही वेळा क्लबबरोबर खाली गेला आणि वर आला. उंचीने बेताचा, पण ऑफसाइडसाठी हात वर करून सगळी फळी पुढे खेचायचा तेव्हा पट्टेवाल्याने लिफ्टचा दरवाजा ओढावा तसा खेळ बंद व्हायचा. राइट बॅक बर्गोमी, इंटरचा, १९७९ ते १९९९. पोरगेल्या वयातच अशा भरघोस मिशा होत्या की सहकारी त्याला 'काका' म्हणायचे. जास्त सांगत नाही, तो भरवशाचा माणूस आहे, आणि भरवशाच्या माणसांवर कुणी पानं भरत नाही.

बारेसीच्या जोडीला टोनी ॲडम्स. इथे मित्र भांडतात. पुयोल का नाही? लेडली किंग का नाही, ज्याचा गुडघा इतका गेलेला होता की आठवडाभर सराव न करता थेट सामन्याला उतरायचा? दोघेही माझ्या बाकावर आहेत. पण ॲडम्सची गोष्ट वेगळी. एकविसाव्या वर्षी आर्सेनलचा कर्णधार, आणि दारूच्या इतका आहारी गेलेला की पिऊन गाडी चालवल्याबद्दल तुरुंगात जाऊन आला. सप्टेंबर १९९६ मध्ये त्याने व्यसन जाहीरपणे कबूल केलं. त्याच सुमारास वेंगर कोच म्हणून आला. तोवर ॲडम्सचं काम म्हणजे डोक्याने चेंडू परतवायचा आणि सहकाऱ्यांवर खेकसायचं. ३ मे १९९८, एव्हर्टनविरुद्ध, विजेतेपद नक्की करणारा सामना, स्कोअर तीन-शून्य. स्टीव्ह बोल्ड हा दुसरा धिप्पाड सेंटर बॅक. त्याने मिडफिल्डमधून अलगद उचलून पास दिला, आणि ॲडम्स एखाद्या स्ट्रायकरसारखा बचाव फोडून घुसला. छातीवर घेतला, एक टप्पा पडू दिला, डाव्या पायाने जाळ्यात. एका सेंटर बॅकने दुसऱ्याला दिलेला असा पास दहा वर्षांपूर्वी कुणी स्वप्नातही पाहिला नसता. ॲडम्स नुसते हात पसरून उभा राहिला.

गोलकीपर सेप मायर. साओ पाउलोचा रोजेरिओ सेनी मला फार हवा होता, कारण गोलकीपर असून फ्री किक आणि पेनल्टींवर त्याने शंभराहून जास्त गोल केले. पण त्याची सुरुवात दुसऱ्या क्लबमध्ये झाली. बायर्नच्या मायरने लीगचे सलग ४४२ सामने खेळले, एकही न चुकवता, आणि १९७९ मध्ये गाडीच्या अपघाताने ती साखळी तुटली ती तुटलीच. मला मात्र तो १९७६ च्या एका दुपारसाठी हवा आहे. म्युनिकमध्ये बोखूमविरुद्ध सामना चालू असताना मैदानावर एक बदक उतरलं. खेळ दुसऱ्या टोकाला होता, मायरला काम नव्हतं. त्याने दबकत दबकत जाऊन बदकावर चक्क झेप टाकली. बदक उडालं. आयुष्यात त्याच्या हातून निसटलेली ही एवढी एकच गोष्ट असं म्हणायचा मोह होतो, पण फुटबॉल बघणारा माणूस गोलकीपरबद्दल असलं विधान करत नाही.

मधल्या फळीत मँचेस्टर युनायटेडचा पॉल स्कोल्स. सुरुवातीला पुढे खेळायचा, गोल मारायचा. नंतर मागे मागे येत गेला आणि तिथून साठ-साठ यार्डांचे पास देऊ लागला. २०११ मध्ये निवृत्त झाला. जानेवारी २०१२ मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्धच्या कप सामन्याला ड्रेसिंग रूममध्ये त्याचा शर्ट टांगलेला पाहिला, तेव्हा कुठे बऱ्याच सहकाऱ्यांना कळलं की हा परत आलाय. टॅकल मात्र त्याला शेवटपर्यंत जमली नाही, आणि पंच लोक ती हौस समजून घेत नसत.

डावीकडे युनायटेडचाच गिग्ज हवा, ९६३ सामने, असं सगळे म्हणतात. मी चुनी गोस्वामींना ठेवलंय. आठव्या वर्षी मोहन बागानच्या पोरांच्या संघात शिरले आणि १९६८ ला निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. कोलकात्यात त्या काळी हंगाम सुरू होण्याआधी खेळाडूंची अशी पळवापळवी चालायची की क्लबची माणसं त्यांना अक्षरशः लपवून ठेवायची. त्या बाजारात ईस्ट बंगालसमोर हा माणूस जागचा हलला नाही. त्यांचा खेळ मी पाहिलेला नाही, बंगाली म्हाताऱ्यांकडून ऐकलाय, आणि ते सांगताना चेंडूपेक्षा कमरेचं वळण जास्त दाखवतात. गंमत म्हणजे जुन्या मुंबईकरांना चुनी गोस्वामी आठवतात ते क्रिकेटमुळे. १९७१-७२ च्या रणजी फायनलमध्ये ते बंगालचे कर्णधार होते, आणि आपण त्यांना हरवलं.

पुढे तिघं. उवे झेलर, हॅम्बुर्गचा बुटका सेंटर फॉरवर्ड, ज्याने १९६१ मध्ये इंटरची थैली परत पाठवली. १९७८ मध्ये मैत्रीपूर्ण सामना समजून तो आयर्लंडमध्ये कॉर्क सेल्टिककडून एकदा खेळला आणि दोन गोल मारून बसला. नंतर कळलं की तो रीतसर लीगचा सामना होता. कानाडोळ्याची पळवाट मी याच्यासाठीच ठेवली आहे.

त्याच्या मागे टोटी. लहानपणी मिलानचे लोक घरी आले तेव्हा आईने त्यांना वाटेला लावलं आणि पोरगा रोमासाठी राहिला. एप्रिल २०१६ मध्ये एकोणचाळीस वर्षांचा असताना टोरिनोविरुद्ध शेवटच्या चार-पाच मिनिटांसाठी उतरला. रोमा मागे होती. याने दोन गोल केले आणि सामना जिंकून दिला. आणि त्याच्या बाजूला मॅट ल टिसिए, साउथहॅम्प्टन. एकही चषक नाही. पळायचा कंटाळा. ४८ पेनल्टी घेतल्या, ४७ आत. साउथहॅम्प्टनचं जुनं मैदान द डेल मे २००१ मध्ये बंद होणार होतं. तिथला लीगचा शेवटचा सामना, आर्सेनलविरुद्ध, दोन-दोन, मिनिट शेवटचं. बदली म्हणून आलेल्या या दुखापतींनी गांजलेल्या जाड्याने पाठीमागचा चेंडू वळून डाव्या पायाने वरच्या कोपऱ्यात मारला. त्या मैदानावर त्यानंतर लीगचा गोल झाला नाही.

आता तुम्ही म्हणाल, बचाव करणार कोण? मधे एकटा स्कोल्स, आजूबाजूला न पळणारे कलावंत. खरं आहे. मधल्या फळीत हमाली करणारे खेळाडू एका क्लबमध्ये टिकतच नाहीत, प्रत्येक कोचला ते हवे असतात आणि प्रत्येक क्लब ते विकतो. तूर्तास बारेसीने पुढे सरकून सांभाळून घ्यावं. कोच म्हणून गी रू डोक्यात होते, ओसेरमध्ये चाळीसहून अधिक वर्षं काढलेले. पण तेही २००७ मध्ये लान्सला गेले आणि चार सामन्यांत सोडून आले. कुणी सांगितलं होतं? म्हणून बॉब पेझली. लिव्हरपूलमध्ये खेळाडू, मग फिजिओ, मग मॅनेजर, आणि तीन युरोपियन कप. ॲडम्सचे गुडघे आणि ल टिसिएचं पोट दोन्हीकडे बघेल.

मिडफिल्डच्या जागेवर माझी नजर आहे कोकेवर. २००९ साली ॲटलेटिको माद्रिदकडून पहिल्यांदा उतरला, आणि पुढे क्लबसाठी सर्वांत जास्त सामने खेळला. हवा तसाच आहे, पळणारा, निमूट. पण म्युलरने पोळल्यापासून निवृत्तीचा कागद पाहिल्याशिवाय मी कुणाचं नाव शाईने लिहीत नाही. तो आला तर कुणाला बसवायचं हा प्रश्न उरतोच. ल टिसिए बसणार नाही, एवढं आत्ताच सांगतो. भाचा म्हणतो, "मामा, कोके सौदीला जाणार बघ." आमची पैज लागली आहे, वडापाववर.