नोंदवही अ‍ॅप: 404 गेला, 500 आला, पेढे वाटा!

तीन संध्याकाळी गेल्या, पण आज माझ्या नोंदवही अ‍ॅपचं शोधाचं पान उघडलं. मागच्या वेळी मी मोठ्या तोंडाने लिहिलं होतं, की टॉमकॅट (जावातली वेब अ‍ॅप्स चालवणारा सर्व्हर) 9 वरून 10.1 वर जायचं म्हणजे वॉर फाइल (अख्ख्या अ‍ॅपचं गाठोडं) उचलून नव्याच्या वेबॅप्स फोल्डरमध्ये टाकायची. शब्द मागे घेते.

डिप्लॉय, म्हणजे अ‍ॅप सर्व्हरवर चढवणं, बिनबोभाट होत होतं. मुखपृष्ठ दिसायचं, लॉगमध्ये कुरकुर नाही, आणि शोधाच्या सर्व्हलेटचा (विनंतीला उत्तर देणारा जावा क्लास) पत्ता टाकला की 404, म्हणजे ‘पान सापडलं नाही’. एखादी एरर आली असती तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं! पहिला संशय वेब.एक्सएमएल या सेटिंग्जच्या फाइलमधल्या मेटाडेटा-कम्प्लीटवर, कारण ते ट्रू असलं की @वेबसर्व्हलेट हे अ‍ॅनोटेशन (सर्व्हलेटचा पत्ता सांगणारी कोडमधली खूण) कोणी वाचतच नाही. पण ते फॉल्सच होतं. मग कॉन्टेक्स्ट पाथ (पत्त्यातला अ‍ॅपच्या नावाचा भाग), मग यूआरएल-पॅटर्नच्या (सर्व्हलेटच्या पत्त्याच्या) सुरुवातीचा स्लॅश. सगळं जागच्या जागी.

शेवटी वैतागून अ‍ॅनोटेशन काढलं आणि सर्व्हलेट वेब.एक्सएमएलमध्ये हाताने नोंदवला. 500, म्हणजे सर्व्हरच्या आतली चूक! एवढा आनंद मला 200 (‘सगळं ठीक’) बघूनही कधी झाला नव्हता. कॅटलिना.आउट हा टॉमकॅटचा मुख्य लॉग तरीही ढिम्म. खरी कहाणी लोकलहोस्टच्या तारीखवाल्या लॉगमध्ये (अ‍ॅपच्या तक्रारी तिथे जातात, हे मी दर वेळी विसरते). नोक्लासडेफफाउंडएरर (हवा तो क्लास सापडला नाही), आणि पुढे जावाएक्स/सर्व्हलेट.

पेटली ट्यूब. टॉमकॅट 10 पासून सर्व्हलेटच्या पॅकेजचं (क्लासेसच्या गटाचं) नाव जावाएक्सचं जकार्ता झालंय. नवा टॉमकॅट जकार्तावालंच अ‍ॅनोटेशन शोधतो, माझं जुनं त्याच्या खिजगणतीतही नव्हतं. क्लास लोडच झाला नाही, तर एरर येणार कुठून? तरी एक वॉर्निंगची ओळ छापायला काय जात होतं?

त्यावर माझा शहाणपणा: अख्ख्या कोडमध्ये जावाएक्सच्या जागी जकार्ता. कंपाइलरने लाल अक्षरांचा पाऊस पाडला. जावाएक्स.एसक्यूएल आणि जावाएक्स.नेमिंग ही जेडीकेची (जावाच्या मूळ संचाची) मालमत्ता, ती जागची हलत नाही. ते परत फिरवलं, पॉममध्ये (मेव्हन या बिल्ड टूलच्या फाइलमध्ये) सर्व्हलेट एपीआय 6.0 घातलं, स्कोप अर्थात प्रोव्हायडेड (ते टॉमकॅटच पुरवतो), अ‍ॅनोटेशन परत लावलं, आणि झालं. मेव्हनला मी इथे बऱ्याच शिव्या घातल्यात, पण डिपेंडन्सी (लागणारी लायब्ररी) एका जागी बदलून मोकळं होता येतं हे मान्य.

हे सगळं उरकल्यावर कळलं, की वेबॅप्स-जावाईई नावाच्या फोल्डरमध्ये जुनी वॉर टाकली तर टॉमकॅट स्वतःच ती बदलून वेबॅप्समध्ये ठेवतो. असो. कोड स्वच्छ झाला, असं म्हणायचं.

पुढे लॉगिनचं पान करणार होते. पण हे लिहितानाच सुचलं: वॉरचं नाव नोंदवही##002 ठेवलं तर जुनी आवृत्ती चालू असतानाच नवी चढवता येईल. जुनी सेशन्स (वापरणाऱ्यांच्या चालू भेटी) जुनीकडे, नवी नवीकडे. आवृत्त्यांची तुलना अक्षरांनुसार होते, म्हणून नुसतं 2 नाही, 002. लॉगिन थांबेल. आज रात्री ##.