काचेत बाळ होतं का?

सोलापूरला घरी आले की कुणी ना कुणी विचारतंच, "तुम्ही लोक काचेत बाळं तयार करता म्हणे?" या वेळी गड्ड्याच्या जत्रेत मैत्रिणीच्या सासूबाईंनी विचारलं, तेही चारचौघींत. गर्दीत नीट सांगता आलं नाही. म्हणून आता इथे सविस्तर सांगते.

बाळ होत नाही. आमचा तो प्रयत्नही नसतो.

मी उंदराच्या स्टेम सेल्सवर काम करते. शरीरातली जवळपास कुठलीही पेशी होऊ शकेल अशा या पेशी १९८१ साली पहिल्यांदा उंदराच्या भ्रूणातून वेगळ्या करून वाढवल्या गेल्या. आमच्याकडे ९६ खळग्यांची प्लेट असते, तळ गोल. एकेका खळग्यात साधारण ३०० पेशी सोडायच्या. दोन दिवसांत त्या एकमेकींना बिलगतात आणि खसखशीच्या दाण्याहून बारीक गोळी होते. मग एक रसायन घालायचं, चोवीस तासांनी काढून टाकायचं. पाचव्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं तर गोळी एका अंगाने लांबलेली! ते शेपटीकडचं टोक. रसायन तर चहूबाजूंनी सारखंच लागलेलं असतं, तरी शेपूट कुठे करायची ते पेशी आपसांत ठरवतात. शेकडो वेळा पाहिलंय, तरी त्या सकाळी मी चहासुद्धा न घेता आधी प्लेट बघते. याला गॅस्ट्रुलॉइड म्हणतात. केंब्रिजमध्ये अल्फोन्सो मार्टिनेझ आरियास यांच्या प्रयोगशाळेने २०१४ साली ते पहिल्यांदा दाखवले.

माझ्या काकांनी सोलापूरच्या पूर्व भागात चादरीच्या मागावर तीस वर्षं काढली. मोबाइलवर फोटो बघून ते म्हणाले, "याला कार्ड कुठं बसवलंय?" जेकार्ड मागावर फूल उमटतं ते भोकं पाडलेल्या कार्डांमुळे, म्हणून हा प्रश्न. म्हटलं, काका, प्रत्येक पेशीत कार्डांचा अख्खा संच असतो. त्यातलं कुठलं वाचायचं ते शेजारच्या पेशींच्या निरोपावर ठरतं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "एक कार्ड चुकीचं लागलं तर सगळ्या चादरीत फूल वाकडं येतंय. इथं काय होतंय?"

नेमकं हेच आम्ही शोधतो. एखादं जनुक बंद करायचं आणि काय सरकतं ते पाहायचं. पोटातल्या भ्रूणांवर हे करायचं तर दर वेळी गाभण उंदरीण मारावी लागते.

गॅस्ट्रुलॉइडला वार, म्हणजे गर्भाला पोसणारी प्लॅसेंटा, तयार करणाऱ्या पेशी नसतात, मेंदूचा पुढचा भागही नसतो. ते गर्भाशयात रुजूच शकत नाही. अर्थात भ्रूणाची सगळीच मॉडेल्स इतकी अपुरी नाहीत. २०२२ साली इस्राएलमध्ये जेकब हाना आणि केंब्रिजमध्ये माग्दालेना झेर्निका-गोएट्झ यांच्या गटांनी उंदराच्या स्टेम सेल्सपासून धडधडणारं हृदय आणि मेंदूची सुरुवात असलेली रचना वाढवली. हानांच्या प्रयोगात शंभरातली एकही धड तिथवर पोचत नव्हती आणि पुढे वाढतही नव्हती. तरी सासूबाईंचा प्रश्न मला रास्त वाटतो. माणसाचं भ्रूण प्रयोगशाळेत १४ दिवसांपुढे वाढवायचं नाही, असं स्टेम सेल संशोधनासाठीच्या आपल्याकडच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. पेशींपासून घडवलेल्या मॉडेल्सनाही अशीच स्पष्ट हद्द हवी, असं माझं ठाम मत आहे.

मग हे करायचं कशाला? माणसात डोकं कुठे, पाय कुठे हे तिसऱ्या आठवड्यात ठरतं. तेव्हा बाईची पाळी जेमतेम चुकलेली असते आणि आत काय घडतंय ते कुठल्याही सोनोग्राफीत दिसत नाही.

सासूबाईंनी नंतर मला बाजूला घेतलं. माझ्या मैत्रिणीचे दोन गर्भ सातव्या आठवड्याच्या आत गेलेत. (हे तिला विचारूनच लिहितेय.) "पाणी आलं त्या दिवशी हिनं घागरी उचलल्या," त्या म्हणाल्या. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. येतं तेव्हा घरातली प्रत्येक बाई घागरी उचलते. मी त्यांना सांगितलं, पहिल्या तीन महिन्यांत जाणाऱ्या गर्भांपैकी निम्म्यांच्या आसपास गुणसूत्रांतच चूक असते. ती बहुतेकदा बीजातच, नाहीतर पहिल्या काही विभाजनांत होते. घागरीने होत नाही. उरलेल्यांपैकी कितीतरींचं कारण अजून सापडायचंय, आणि त्यासाठीच त्या प्लेटा.

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "हे तिला सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याकडे गेले.