चार दिवस मीच होतो 'प्रायव्हेट नंबर'

मावशी फोन उचलेना. भाऊही उचलेना. मेसेजला लगेच उत्तर येई, व्हॉट्सअ‍ॅप कॉलही लागे. साधा फोन मात्र वाजून वाजून बंद. चौथ्या दिवशी मावशीचाच फोन आला. "अरे, रोज कुणीतरी नंबर लपवून फोन करतंय. भीतीच वाटते बाई." किती वाजता येतो ते विचारलं. सगळ्या वेळा माझ्या!

फोन अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'कॉलर आयडी आणि स्पॅम' समोरच दिसलं. ते बंद-चालू करण्यात अर्धा तास घालवल्यावर डोक्यात प्रकाश पडला : ही सोय येणाऱ्या फोनसाठी आहे. मला कोण फोन करतंय एवढंच ती सांगते. माझा नंबर समोरच्याला दिसावा की नाही, ते ठरतं भलतीकडे, आणि त्याचंही नाव 'कॉलर आयडी'च! नाव ठेवणाऱ्याला कोपरापासून नमस्कार.

ते दुसरं सापडलं कॉलिंग अकाउंट्स, मग सिम, मग अतिरिक्त सेटिंग्ज, इतक्या आत. तिथेही 'नेटवर्क किंवा सिम कार्ड एरर'. सिम काढून पुसून घातलं, फोन रीस्टार्ट केला, ढिम्म. ही माहिती फोन नेटवर्कला विचारून दाखवतो, आणि व्हीओएलटीई (म्हणजे साधा फोनही ४जी नेटवर्कवरून जाण्याची सोय) असेल तर ही विचारणा बऱ्याचदा त्या सिमच्या मोबाइल डेटावरून होते. माझा डेटा होता दुसऱ्या सिमवर. तो इकडे घेतला, वायफाय बंद केलं, आणि पान उघडलं. नेटवर्क डिफॉल्ट, नंबर लपवा, नंबर दाखवा असे तीन पर्याय. खूण 'लपवा'वर.

'दाखवा' केलं. तरी विश्वास बसेना, म्हणून नंबर लपलाय की नाही ते नेटवर्कला विचारणारा कोड *#31# डायल केला. उत्तर आलं, 'नॉट रिस्ट्रिक्टेड', म्हणजे लपवलेला नाही. दुसरं सिमही तपासलं, कारण प्रत्येक सिमचं सेटिंग वेगळं असतं. व्हॉट्सअ‍ॅप कॉलचा याच्याशी काही संबंधच नाही. तो लागत होता म्हणून तर मी इतके दिवस बेफिकीर राहिलो.

आणि लपवलं कुणी? मीच. जुनी सायकल विकायची होती, अनोळखी माणसाला नंबर कळू नये म्हणून सेटिंग बदललं आणि विसरलो. त्या एका फोनपुरतं त्याच्या नंबरआधी #31# लावलं असतं तरी भागलं असतं. सायकल अजून घरातच आहे.